योजना कोणाची, किंमत कोणाची?

ख्रिस्ती मंडळीत ‘देवाची योजना’ हे शब्द लग्नात ऐकू येतात, अंत्यविधीत ऐकू येतात, नोकरी लागली तरी आणि गेली तरी ऐकू येतात. माणसांनी एकमेकांशी कसं वागावं, घर कसं चालावं, समाज कसा उभा राहावा, यामागेही देवाची योजना आहे अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. पुढचा वाद त्या श्रद्धेबद्दलचा. मामा नगरकडचे निवृत्त पाळक. भाची त्याच मंडळीत, तिथल्याच शब्बाथशाळेत वाढली. आता पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि उपासनेला नाताळ-ईस्टरपुरती दिसते. दोघं कल्पित आहेत. ज्यावरून भांडतात ते मात्र खरं आहे.

भाची : मामा, देव आहे की नाही यावर मला आज बोलायचंच नाही. माझी तक्रार योजनेबद्दल आहे. ज्यानं ज्यानं देवाची योजना सांगितली, त्यानं तीत स्वतःसाठी बरी जागा राखून ठेवली. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र. रोममध्ये कष्टकरी लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पानं त्यांना गोष्ट सांगितली की हातापायांनी पोटाविरुद्ध बंड केलं तर सगळं शरीरच मरतं. तात्पर्य, मुकाट्यानं कामाला लागा. आणि तुमच्या पौलानंही मंडळीला देहच म्हटलं. आपल्या आज्यापणज्यांनी एका देहातली पायांची जागा सोडली आणि दुसऱ्या देहात जागा शोधली, एवढंच ना?

मामा : पौलानं ते कोणाला आणि कशासाठी लिहिलं ते बघ. करिंथची मंडळी प्रभुभोजनाला एकत्र यायची. सुखवस्तू लोक आधी येऊन जेवून-पिऊन मोकळे व्हायचे. मजूर आणि दास कामावरून सुटून येईपर्यंत ताटं रिकामी. त्यावर पौल संतापला आहे. अकरावा अध्याय त्या रागाचा आहे आणि देहाची गोष्ट लगेच बाराव्यात येते. अग्रिप्पाची गोष्ट हातापायांना सांगितली होती. पौलाची डोळ्यांना आणि डोक्याला सांगितली आहे. तुम्ही ज्या अवयवांना हलकं समजता त्यांच्यावाचून तुमचं चालत नाही, आणि देवानं जास्त मान त्यांनाच दिला आहे, असं तो म्हणतो. तीच उपमा त्यानं उलटी फिरवली.

भाची : फिरवली असेल. लोकांनी ती पुन्हा सरळ करून घेतली. दक्षिण आफ्रिकेतलं डच रिफॉर्म्ड चर्च घ्या. १८५७ मध्ये त्यांच्या सिनडनं ठराव केला की सगळ्यांनी एकत्र उपासना करणं योग्यच, पण काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना चालेल. दुर्बल कोण? काळ्या माणसाशेजारी बसून प्रभुभोजन घेणं ज्या गोऱ्यांना जड जात होतं ते! १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं चर्चच निघालं. १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारचं अधिकृत धोरण झालं, तेव्हा त्याला आधार द्यायला धर्मपंडित तयार होते. बाबेलच्या बुरुजापाशी देवानंच माणसांचे गट पाडले, म्हणून ते वेगळे राहणं हीच देवाची योजना!

मामा : त्याला उत्तरही चर्चमधूनच आलं. त्याच मिश्रवर्णीयांच्या चर्चनं १९८२ मध्ये बेल्हारचा विश्वासअंगीकार मांडला. देवानं ख्रिस्तात ज्यांना एक केलं त्यांना रंगावरून वेगळं ठेवणारी शिकवण ख्रिस्ती असूच शकत नाही, अशी त्याची भूमिका. त्याच वर्षी जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या संघटनेनं वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवलं.

भाची : सव्वाशे वर्षांनी! आणि उत्तर कोणी दिलं? ज्यांना बाहेर काढलं होतं त्यांनी.

मामा : हो, त्यांनीच. नबीसुद्धा दरबाराच्या पगारावर फारसे निपजले नाहीत. पण शास्त्रात समतेचा आधारच नसता तर बेल्हारच्या लोकांनी तो आणला कुठून? उत्पत्तीचा पहिला अध्याय वाच. पृथ्वीवरची देवाची प्रतिमा हा मान मिसर आणि अश्शूरकडे राजाला होता. उत्पत्तीत तो मान सरसकट माणसाला मिळतो, नर आणि नारी दोघांना. त्या अध्यायात राजा नाही, पुरोहित नाही, वंश नाही, जात नाही. माणसानं माणसावर अधिकार गाजवावा असं एकही वाक्य नाही. नवरा बायकोवर सत्ता चालवील हे तिसऱ्या अध्यायात येतं, आज्ञाभंगानंतर. काटेकुसळं, घामाची भाकर आणि प्रसूतीच्या वेदना येतात त्याच यादीत. शेतात काटे उगवतात ते आपण उपटतो. ‘ही देवाची योजना’ म्हणून जपत नाही.

भाची : छान. आता हेच माझ्या अशिलाला सांगा. नवरा मारतो. ती पाळकांकडे गेली, तर त्यांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला आणि बाविसाव्या ओवीवर बोट ठेवलं : पत्नींनी पतीच्या अधीन असावं.

मामा : बोट एक ओवी खाली घसरलं. एकविसाव्या ओवीत सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहायचं आहे. आणि पंचविसाव्या ओवीपासून पतींना जे सांगितलं आहे ते पत्नींना सांगितलेल्यापेक्षा लांबही आहे आणि जडही. ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा म्हणजे वेळ आली तर स्वतः मरा. त्या काळच्या रोमन घरात बाप म्हणजे धनी. बायको, मुलं, दास सगळी त्याच्या हाताखाली. घर कसं चालवावं याचे उपदेश तेव्हाही लिहिले जात, पण बहुतेक मालकानं इतरांना कसं ताब्यात ठेवावं याबद्दल. इथे मालकालाच वधस्तंभाचं माप लावलं आहे. जो नवरा हा अध्याय बायकोला वाचून दाखवतो, त्यानं दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडलं. त्याच्या नावाचं खाली आहे.

भाची : पण ते खालचं पत्र कायद्यानं कधी वाचलं? १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती लोकांसाठीच होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग अशी जोड द्यावी लागे. म्हणजे नवऱ्यानं फक्त मारलं तर सुटका नाही आणि फक्त बाहेरख्याली केली तरीही नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं पत्नीवरची ती जोडअट घटनाबाह्य ठरवली, आणि संसदेनं २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला. तेव्हा कुठे परस्परसंमतीनं वेगळं होण्याची सोय झाली. सव्वाशेहून जास्त वर्षं ख्रिस्ती बाई अडकून पडली, आणि वर व्यासपीठावरून ऐकत राहिली की देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये.

मामा : येशूनं ते वाक्य कोणापुढे उच्चारलं? मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी विचारतात की पुरुषानं बायकोला कुठल्याही कारणासाठी टाकावं का. प्रश्न पुरुषांचा, पुरुषांच्या सोयीचा. सूटपत्र लिहून हातावर ठेवलं की बाई रस्त्यावर. येशू म्हणतो, मोशेनं ती मुभा तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे दिली, आरंभी असं नव्हतं. त्यानं पुरुषाची पळवाट बुजवली. लग्न म्हणजे सोय असेपर्यंतची सोबत नाही, हे मी आजही शिकवीन. तुझ्या न्यायालयातही आजारी बायकोला, वेडसर नवऱ्याला टाकून जाणारे येतातच की.

भाची : येतात. पण पुरुषाची पळवाट बुजवायला घातलेला दगड बाईच्या दारावर बसला, हे तुम्हाला दिसतं का?

मामा : दिसतं. म्हणून मार खाणाऱ्या बाईला मी वचनाची आठवण देत नाही. ते वचन मारणाऱ्यानं आधीच मोडलेलं असतं. तिनं दार उघडून जावं आणि मंडळीनं तिला थारा द्यावा.

भाची : थारा म्हणता, तर मुळात तुमच्या योजनेत घर म्हणजे नवरा, बायको, मुलं. मग पंडिता रमाबाईंचं काय? १८८२ मध्ये नवरा गेला, पदरी लहानगी मनोरमा. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या विधवा आणि अनाथ मुली. त्या शेती करत, विणकाम करत, छापखाना चालवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. या घराला योजनेत कुठे बसवता?

मामा : अगदी मधोमध. येशू स्वतः अविवाहित, पौलही एकटाच. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आई-भाऊ दाराशी आले आहेत असा निरोप येतो, तेव्हा येशू भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे करणारे हेच माझे आई-भाऊ. रक्ताचं घर चांगलं आहे, पण तेच शेवटचं घर नाही. मूल नसलेलं जोडपं, लग्न न झालेली बाई, विधुर माणूस हे आपल्याकडे अपुरे समजले जातात, ‘कधी उरकणार’ म्हणून विचारले जातात. मंडळीत ते अपुरे नसावेत, ही योजना आहे.

भाची : असावेत-नसावेत राहू द्या. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा घेतात, चेल्टनहॅमला शिकायला जातात, तिथे त्यांनी मुलग्यांना शिकवायचा प्रश्न निघतो, तर हिंदुस्थानातले बिशप आडवे येतात. बाईनं पुरुषांना शिकवलं तर परत गेल्यावर तिचा मान राहणार नाही म्हणे! जिनं शास्त्र्यांच्या सभा गाजवल्या तिला हे सांगणं! आणि ना. वा. टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही लक्ष्मीबाईंना न विचारता. त्या बिचाऱ्या जिवंत नवऱ्याच्या विरहात. पती-पत्नी एकदेह म्हणता ना? अर्ध्या देहाला विचारलंच नाही.

मामा : टिळकांचा तो निर्णय मी योजनेचा नमुना म्हणून दाखवणार नाही. पण पुढचं बघ. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत. आधी त्या ख्रिस्ती वस्तीत राहूनही सोवळं पाळत, कोणाच्या हातचं पाणी घेत नसत. मग एक दिवस त्यांनी स्वतःच विचार केला आणि त्यांना पटलं की जात माणसानं केली, देवानं नाही. त्या दिवसापासून सगळ्यांच्या हातचं चालू लागलं. स्मृतिचित्रांत हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. नवऱ्यानं व्याख्यान दिलं म्हणून नव्हे. उत्पत्तीचा पहिला अध्याय पाण्याच्या घोटाबरोबर गळ्याखाली उतरला तो असा.

भाची : लक्ष्मीबाईंच्या गळ्याखाली उतरला, समाजाच्या घशात अडकला. गोव्यात ख्रिस्ती होऊन चारशेहून जास्त वर्षं झाली तरी बामण, चारडो, शूद्र हे भेद लग्न जुळवताना निघतातच. तामिळनाडूत कबरस्तानात भिंती घातल्या. आपल्या नगरकडे मंडळी उभी राहिली ती मुख्यतः महार-मांग समाजातून. तरी ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीत येतोच. आणि गंमत बघा, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. शिखांना १९५६ मध्ये आत घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. सवलत मागायला गेलं की ख्रिस्ती धर्मात जात नसते, आणि मुलगी मागायला गेलं की असते.

मामा : हे ऐकून माझी मान खाली जाते. पण योजना नाही म्हणून नाही, ती असूनही आम्ही मोडली म्हणून. गलतीकरांस पत्रात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे तिन्ही भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात गळून पडायला हवेत. पाळकानं तो विधी करावा आणि सोयरिकीत जात विचारावी, हे दोन्ही एकत्र बसत नाही. बायबल बाजूला ठेवलं तर मात्र त्याच पाळकाला तू कशाच्या आधारावर पकडणार?

भाची : घटनेच्या. चौदावं कलम, पंधरावं, सतरावं.

मामा : सतराव्या कलमानं अस्पृश्यता बंद झाली, देवाची कृपा. पण शेजाऱ्याच्या घरी जेवायला जा, त्याला जावई करून घे, असं कलम कुठे आहे? कायदा माणसाला माणसाच्या अंगावर जाण्यापासून अडवतो. जवळ नेण्यासाठी दुसरं काही लागतं.

भाची : ते उद्देशिकेत आहे. बंधुता. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात सांगितलंच की स्वातंत्र्य, समता, बंधुता वेगळ्या काढता येत नाहीत. आणि ही तत्त्वं मी बुद्धाकडून घेतली, असंही त्यांनी पुढे सांगितलं. म्हणजे त्यासाठी ख्रिस्तीच व्हायला हवं असं नाही.

मामा : नाहीच. पण त्यांनाही कलमांच्या मागे धम्म लागला, आणि जोतीरावांना निर्मिक लागला. सगळी माणसं एकाच निर्मिकाची लेकरं, म्हणून कोणी कोणाचा मालक नाही. सार्वजनिक सत्यधर्माची इमारत त्यावर उभी आहे.

भाची : त्याच पुस्तकातलं घर आठवतं का? बायकोनं बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्यानं ख्रिस्ती, मुलीनं मुसलमान, मुलानं सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात गोडीनं राहावं. आपल्या मंडळीत चालेल?

मामा : लग्नाची परवानगी मागायला आले तर मंडळीच्या सेशनची बैठक रात्री बारापर्यंत चालेल. पण जोडीदार विश्वासात नसला आणि सोबत राहायला राजी असला तर त्याला टाकू नका, हे पौलानंच करिंथकरांना लिहिलं आहे. जोतीरावांच्या घराचं दार त्यानं सगळंच लावून घेतलेलं नाही.

भाची : बरं. आतापर्यंत आपण घराबद्दलच बोललो. पण आपल्याच जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडून दरवर्षी उसतोडीला जोडपी निघतात. मुकादम एका जोडप्याला एक कोयता धरतो. उचल साधारण नवऱ्याच्या हातात पडते, काम दोघांचं. एक दिवस आजारी पडलं तर खाडा म्हणून पैसे कापतात. पाळी, बाळंतपण म्हणजेही खाडाच. बीडकडच्या कित्येक बायकांनी गर्भाशयच काढून टाकलं, २०१९ मध्ये त्याची चौकशी झाली. नवरा-बायकोचं एकदेह होणं इथे हिशेबाच्या वहीत दिसतं, मामा. यावर तुमची योजना काय बोलते?

मामा : पुष्कळ, आणि व्यासपीठावरून फार कमी ऐकू येतं. शब्बाथ पवित्र पाळा हे आम्ही मुलांना पाठ करून घेतो. पण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण काय दिलं आहे? तुझ्या दासालाही, दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. विसावा मिळणाऱ्यांत बैल आहे, गाढव आहे, परकाही आहे. सात वर्षांनी देणं माफ करायचं. गरिबाचं जातं गहाण ठेवून घ्यायचं नाही, कारण ते त्याचं पोट आहे. शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही, ते निराधारांचं. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराकडे परत. खाडा हा शब्दच या कायद्याच्या विरुद्ध उभा आहे.

भाची : त्या शब्बाथाच्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी, बैल-गाढव आहे. बायको नाही.

मामा : टीकाकार म्हणतात की ‘तू’ यात नवरा-बायको दोघंही आली.

भाची : रविवारी उपासनेनंतर स्वयंपाक कोण करतं?

मामा : तुझी मामी.

भाची : मग ‘तू’ यात ती आली नाही. मामा, मला तुमची कसोटी कळली. ती मी माझ्या शब्दांत सांगते. देवाची योजना सांगणाऱ्याला ती सांगताना काही सोडावं लागत असेल तर ऐकून घ्यावं. काही मिळत असेल तर उलटतपासणी घ्यावी. आफ्रिकेतल्या सिनडला मिळत होतं, मारणाऱ्या नवऱ्याला मिळतं, मुकादमाला मिळतं.

मामा : कसोटी चांगली आहे. वधस्तंभावरूनच आलेली आहे, तुला मान्य असो वा नसो.

भाची : मग तीच तुम्हाला लावते. समलिंगी व्यक्तींबद्दल तुम्ही म्हणता, लग्न एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं, हीच आरंभीची योजना. त्या मताची किंमत कोण मोजतं? तुम्ही चाळीस वर्षं संसार केलात. जन्मभर एकटं राहा असं दुसऱ्याला सांगता.

मामा : लग्नाबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. सृष्टीत स्त्री-पुरुष भेद आहे आणि येशू लग्नाबद्दल बोलताना तिथेच परत जातो, हे मी सोडू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कलम ३७७ खालून त्यांना गुन्हेगारीतून सोडवलं, त्याचं मी स्वागत केलं. देवाची प्रतिमा कोणातही सशर्त नसते.

भाची : ते ठीक. पण किंमत?

मामा : तू म्हणतेस ते खरं आहे, आज ती मी मोजत नाही. एकटं राहा असं ज्या मंडळीनं सांगितलं, तिनं त्या माणसाला सणाला घरी बोलवायला हवं, आजारपणात उशाशी बसायला हवं, म्हातारपणी सांभाळायला हवं. मार्कचा तिसरा अध्याय इथे खर्चाची बाब होतो. तो खर्च जी मंडळी उचलत नाही तिनं ती शिकवण देऊ नये, इथवर मी येतो.

भाची : इथवर पुरेसं नाही. तुम्ही सगळा खर्च उचललात तरी निवड त्याची नसून तुमची असेल. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं मिळाली, स्वतः ठरवायला. कोणी हुकूम केला असता तर त्यांचं सोवळं सुटलं नसतं.

मामा : यावर आपलं जुळणार नाही, निदान या नाताळला नाही.

भाची : नको जुळू दे. पण जिथे जुळलं तिथे काही करू. लग्नाआधीच्या वर्गाला पुढच्या महिन्यात तुम्ही बसणार आहात ना? मीही येते. इफिसकरांचा अध्याय एकविसाव्या ओवीपासून वाचायचा, आणि पंचविसाव्यापासून पुढचं सगळं नवऱ्या मुलानं उभं राहून वाचायचं. त्यानंतर मी १८६९ चा कायदा, २००१ ची दुरुस्ती आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा समजावून सांगते.

मामा : पाळक मंडळींत कुरकुर होईल.

भाची : होऊ दे. कोणाची कुरकुर होते ते लिहून ठेवा. कसोटी तीच आहे. आणि मामा, त्या रविवारचा स्वयंपाक तुमचा.